गिग आणि हँडबिल : मिनिटमेन या त्रिकुटाचा हिशेब

१,१०० डॉलर.

'डबल निकल्स ऑन द डाइम' हा दोन तबकड्यांचा अल्बम रेकॉर्ड करायला मिनिटमेन या बँडला एवढे पैसे लागले. साल १९८४, गाणी ४५, एकूण लांबी ८० मिनिटांच्या आसपास. भागाकार केला तर एका गाण्याला चोवीस-साडेचोवीस डॉलर पडतात.

स्वस्तात उरकलेली रेकॉर्ड ही काही नवलाची गोष्ट नाही. नवल आहे ते त्या ८० मिनिटांत काय काय भरलंय याचं. फंकची तोडून तोडून वाजवलेली गिटार आहे, जाझसारखे मध्येच हात सोडून देणारे ड्रम आहेत, मेक्सिकोच्या सीमेवरून उचलून आणल्यासारखा उड्या मारणारा ठेका आहे, एकट्या गिटारवर वाजवलेला स्पॅनिश वळणाचा तुकडा आहे. क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल, स्टीली डॅन आणि व्हॅन हेलन यांचं एकेक गाणंही आहे. आणि हे सगळं करणारे तिघे पंकवाले, म्हणजे कच्चं, वेगवान, सरळसोट रॉक वाजवणारे, म्हणून ओळखले जायचे. त्या काळच्या कट्टर पंकवाल्यासमोर स्टीली डॅनसारख्या गुळगुळीत रॉक बँडचं नाव काढणं म्हणजे वारकऱ्याच्या पंगतीत मटणाची वाटी ठेवण्यासारखं होतं.

या बँडबद्दल बोलणारे बहुतेक जण त्यांच्या कानांचं कौतुक करून थांबतात. किती काय काय ऐकलं होतं त्यांनी! पण ऐकलेलं तर सगळ्यांनीच असतं. माझ्या घरात भीमसेनांपासून ब्लॅक सॅबथपर्यंत सगळं वाजतं, म्हणून ते माझ्या बोटांत उतरत नाही. माझं म्हणणं असं आहे की या त्रिकुटाचा मोकळेपणा त्यांच्या जमाखर्चाच्या वहीतून आला. ते पटवायचं तर वही उघडावी लागेल, आणि त्याआधी गाव.

पीड्रो

सॅन पेड्रो हे लॉस एंजेलिसचं बंदर. तिथली माणसं त्याला 'पीड्रो' म्हणतात, आणि पेड्रो म्हणणारा बाहेरचा हे त्यांना लगेच कळतं. गोदी, मच्छीमार, आरमारातली कुटुंबं असं कष्टकरी गाव. हॉलिवूड तासाभराच्या अंतरावर, पण जग वेगळं. बँडचा बेसवादक माइक वॉट, त्याचे वडील आरमारात होते. १९६७ मध्ये हे कुटुंब व्हर्जिनियाहून इथे आलं. गिटारवादक डी. बून, म्हणजे डेनिस डेल बून, दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकी बराकींच्या जागी झालेल्या सरकारी वस्तीत राहायचा. दोघांची ओळख कशी झाली ती गोष्ट वॉटने शेकडो वेळा सांगितली असेल. बागेतून जाताना झाडावरून एक जाडजूड मुलगा त्याच्या अंगावर पडला. लुटुपुटूची लढाई चालली होती आणि बूनला तो आपला दुसराच कोणी मित्र वाटला होता. मग त्या मुलाने असे काही विनोदी किस्से सुनवले की वॉटला वाटलं हा पोरगा अफाट बुद्धीचा आहे. पुढे कळलं की ते सगळे जॉर्ज कार्लिन या विनोदवीराच्या रेकॉर्डवरचे पाठ केलेले होते.

वॉट बेस वाजवू लागला तो बूनच्या आईमुळे. पोरं रस्त्यावर उंडारण्यापेक्षा घरात काहीतरी वाजवत बसलेली बरी, असा त्या माउलीचा हिशेब. डी. गिटार वाजवेल, तू बेस घे, असं तिने ठरवून टाकलं. बेस म्हणजे काय हे वॉटला ठाऊक नव्हतं. चार तारांची गिटार एवढंच त्याला फोटोंत दिसलेलं, तेव्हा त्याने साध्या गिटारवर चारच तारा ठेवल्या आणि वाजवत राहिला. बेसच्या तारा जाड असतात आणि स्वर खालचा असतो हे त्याला बऱ्याच उशिरा समजलं. ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी आहे, पण पुढे वॉटचा बेस कायम गिटारसारखा बोलतो, याचं मूळ मला इथे दिसतं.

सत्तरच्या दशकात ही दोन पोरं क्रीडन्स, ब्लू ऑयस्टर कल्ट, द हू यांची गाणी तबकडी लावून उतरवत बसायची. आपण स्वतः गाणी रचावीत हे त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं. गाणी रचणारी माणसं वेगळी असतात, मोठ्या मैदानांत दिव्यांच्या झोतात दिसतात, आपण नक्कल करायची. मग १९७७ च्या सुमारास हॉलिवूडच्या पंक कार्यक्रमांत त्यांनी अशी माणसं पाहिली, ज्यांना धड वाजवता येत नव्हतं, तरी ती बेधडक स्वतःची गाणी गात होती. पंकने या दोघांना नवी शैली दिली असं मी म्हणणार नाही, परवानगी दिली.

पहिला प्रयत्न 'द रिऍक्शनरीज', त्यात गायक वेगळा. १९८० मध्ये तो गायक गेला (मित्र म्हणून राहिला, पुढे तिघांनी मिळून 'न्यू अलायन्स' नावाची छोटी रेकॉर्ड कंपनीही काढली) आणि मिनिटमेन उभं राहिलं. गिटार आणि गाणं बूनचं, बेस वॉटचा. ड्रमवर थोड्याच दिवसांत जॉर्ज हर्ली आला, समुद्रावर फळी घेऊन लाटा कापणारा मुलगा. गाणी मिनिटभराची म्हणून हे नाव, असा सर्रास समज आहे. नावाचा रोख अमेरिकी क्रांतीतल्या झटपट हजर होणाऱ्या शेतकरी-सैनिकांवर होता, आणि साठच्या दशकातल्या त्याच नावाच्या एका उजव्या टोळीची टिंगलही त्यात होती.

आवाजाची वाटणी

तिघांच्या बँडमध्ये एक जुनी अडचण असते. माणसं कमी, म्हणून पोकळी जाणवते. ती भरायला गिटारवाला ॲम्प चढवतो, आवाज फाडतो, खालचे स्वर फुगवतो. मग गिटारच सगळी खोली व्यापते आणि बेस त्या भिंतीला टेकून उभा राहतो.

बूनने उलट केलं. त्याने ॲम्पवरचे खालचे स्वर काढून टाकले आणि गिटार अगदी पातळ, काचेवर नखं मारल्यासारखी ठेवली. खालची सगळी जागा वॉटला मोकळी करून दिली. याला तो राजकारण म्हणायचा आणि गंमत म्हणून म्हणत नव्हता. देशात समता हवी म्हणणाऱ्याच्या बँडमध्ये गिटारने जमीनदारी का करावी, असा साधा सवाल. मला हे फार आवडतं, कारण ते भाषणात न राहता ॲम्पच्या बटणापर्यंत पोचलं.

परिणाम ऐकू येतो. गिटार वर, बेस खाली आणि मध्ये, आणि दोघांमधल्या फटींत हर्लीचे ड्रम सारखे काही ना काही बोलत असतात. जिथे फटी असतात तिथेच फंक शिरू शकतो, कारण फंकचा जीव वाजवलेल्या स्वरांइतकाच न वाजवलेल्या जागांत असतो. फाटक्या आवाजाच्या गिटारने सगळं लिंपून टाकलं असतं तर फंकचा उस्ताद जेम्स ब्राऊन कितीही ऐकून उपयोग नव्हता. विविध प्रभाव म्हणतो ते मुरायला भांड्यात जागा लागते.

गाण्यांच्या लांबीचा धडा इंग्लंडच्या 'वायर' या बँडकडून आला. १९७७ च्या त्यांच्या पहिल्या अल्बमवर २१ गाणी होती, ३५ मिनिटांच्या आसपास. ध्रुवपद फिरून आलंच पाहिजे असं नाही, मध्ये गिटारची लांबलचक तान नको, म्हणायचं झालं की थांबा. ब्रिस्टलच्या 'पॉप ग्रुप'कडून दुसरी गोष्ट मिळाली : कॅप्टन बीफहार्टचा तिरपागडेपणा आणि फंकाडेलिकचा ठेका एकाच गाण्यात नांदू शकतात. आणि या सगळ्याखाली क्रीडन्स होतंच. वॉट चौकड्यांचा फ्लॅनेल शर्ट घालायचा तो क्रीडन्सचा गायक जॉन फोगर्टी याच्यामुळे. पुढे सिएटलच्या पोरांनी तशा शर्टांची फॅशन केली तेव्हा हा आपला जुनाच शर्ट घालून फिरत होता.

वही

आता पैसे. या तिघांच्या बोलीत त्यासाठी एक शब्द होता, 'इकॉनो'. काटकसर असा अर्थ लावला तर अर्धाच हाती लागतो. अंथरूण पाहून पाय पसरावेत या म्हणीत पाय आखडून घेणं गृहीत आहे. यांनी अंथरूण मोजलं आणि त्यावर कोलांट्या मारल्या.

रीत अशी. स्टुडिओ मध्यरात्रीनंतर घ्यायचा, तेव्हा भाडं कमी असतं. कोरी टेप घेण्याऐवजी कोणीतरी वापरलेली टेप घ्यायची. गाणी अल्बमवर ज्या क्रमाने येणार त्याच क्रमाने वाजवायची, म्हणजे नंतर टेप कापून जोडण्याचे पैसे वाचतात. हे शक्य व्हायला तिघांची तयारी इतकी लागते की पहिल्या-दुसऱ्या खेपेत गाणं बसलं पाहिजे. म्हणजे खरा खर्च फुकटच्या जागेत, सरावाच्या खोलीत, आधीच होऊन गेलेला असतो. 'पॅरानॉइड टाइम' ही १९८० ची पहिली रेकॉर्ड, सात गाणी, सात मिनिटांच्या आत. पुढच्या वर्षीची 'द पंच लाइन', १८ गाणी, १५ मिनिटं. दोन्ही एसएसटी या कंपनीकडून. ब्लॅक फ्लॅग या पंक बँडचा गिटारवादक ग्रेग गिन ती चालवायचा आणि 'पॅरानॉइड टाइम' ही तिची अवघी दुसरी रेकॉर्ड.

दौऱ्यावर स्वतःची व्हॅन, स्वतःच चालवायची. सामान स्वतः चढवायचं, स्वतः मांडायचं, कार्यक्रम संपला की घामाघूम अवस्थेत स्वतःच आवरायचं. रात्री कोणाच्या तरी घरी जमिनीवर पथारी. पोटापाण्याच्या नोकऱ्या बराच काळ चालूच होत्या. गावात स्वतः कार्यक्रम ठेवला तर लवकर सुरू करायचा, म्हणजे सकाळी पाळीवर जाणारा माणूस येऊन वेळेत घरी जाईल. हा शेवटचा मुद्दा माझ्या लक्षात राहिला आहे. बारा वाजता सुरू होणारा कार्यक्रम कोणासाठी असतो, हा प्रश्न आमच्याकडचे आयोजक फारसा विचारत नाहीत.

पण ही नुसती रीत झाली. तिच्यामागचा विचार वॉटने एका वाटणीत मांडला होता : जगात दोनच गोष्टी आहेत, एक गिग आणि दुसरी हँडबिल. गिग म्हणजे समोर माणसं, हातात वाद्य. बाकी सगळं, मुलाखत, पोस्टर, फोटो, एवढंच काय खुद्द रेकॉर्ड, हे गिगला माणसं यावीत म्हणून वाटलेलं हँडबिल.

रेकॉर्ड कंपन्यांचा धंदा याच्या नेमका उलट चालायचा. रेकॉर्ड हा माल, दौरा ही त्याची जाहिरात. दौऱ्यात तोटा आला तरी चालेल, कंपनी उचल देईल, रेकॉर्ड खपली की वळती करून घेईल. अशा व्यवस्थेत एकेका अल्बमवर लाखोंचं ओझं असतं. तो पडला तर बँड पडला. मग अल्बम करताना प्रत्येक जण घाबरलेला असतो : हे गाणं रेडिओवर चालेल का, ही जाझची उडी नको, स्पॅनिश तुकडा तर नकोच.

हँडबिलाला कोण घाबरतं? एक बिघडलं तर दुसरं छापू. मिनिटमेनच्या कुठल्याच रेकॉर्डला यशस्वी होण्याची सक्ती नव्हती, आणि म्हणून तिच्यावर काहीही ठेवता येत होतं. दौरे मात्र पैसे घेऊन परत यायचे, कारण खर्चच नव्हता. या प्रकरणाची गुरुकिल्ली मला हीच वाटते.

याची किंमत त्यांनी मोजली नाही असं नाही. हार्डकोर पंकच्या गर्दीला सरळ, वेगवान, एकसुरी मारा हवा असे. ब्लॅक फ्लॅगच्या आधी हे तिघे उभे राहून फंक वाजवू लागले की थुंक्या यायच्या. १९८३ मध्ये दोन्ही बँड मिळून युरोपात गेले तेव्हाही तेच. बून ऐन भरात नाचत असायचा, एवढ्या देहाचा माणूस इतका हलका कसा उडतो असं पाहणाऱ्याला वाटावं, आणि खालून थुंकी.

मित्राची बातमी

नोव्हेंबर १९८३ मध्ये त्यांनी एका अल्बमपुरती गाणी रेकॉर्ड केली, ईथन जेम्स या ध्वनितंत्रज्ञाकडे, व्हेनिस भागातल्या रेडिओ टोकियो स्टुडिओत. काम झालं होतं. तेवढ्यात कळलं की मिनियापोलिसचे मित्र, हुस्कर डू हा बँड, महिनाभर आधीच इकडे येऊन 'झेन आर्केड' रेकॉर्ड करून गेलाय : दोन तबकड्यांचा. मिनिटमेनच्याच न्यू अलायन्सने या मंडळींची रेकॉर्ड १९८२ मध्ये काढली होती, तेव्हा संबंध घरचे होते. खुन्नस नव्हती, चेव होता. ते दोन तबकड्या करतात तर आपण का नाही? मोठ्या बँडला असा चेव आला असता तर कंपनीच्या बैठका झाल्या असत्या. यांनी आणखी जवळजवळ दोन डझन गाणी रचली आणि एप्रिल १९८४ मध्ये त्याच स्टुडिओत पुन्हा जाऊन वाजवली. गाणी कमी पडली तिथे मित्रांकडून शब्द मागून घेतले, ब्लॅक फ्लॅगचा गायक हेन्री रोलिन्स याच्यापासून ओळखीपाळखीच्या मंडळींपर्यंत. सगळ्याचं मिक्सिंग एका रात्रीत.

एवढी गाणी लावायची कशी? झेन आर्केडला एक कथा होती, यांच्याकडे नव्हती. त्यांनी पिंक फ्लॉइडच्या 'उमागुमा' या अल्बमवरून युक्ती उचलली. प्रत्येकाला एक बाजू. काड्या ओढल्या, हर्ली जिंकला, आणि मग गल्ली क्रिकेटमध्ये गडी निवडतात तशी पाळीपाळीने गाणी निवडली. तीन बाजू तीन नावांच्या. चौथ्या बाजूवर उरलेली गाणी, आणि तिचं नाव सरळ 'चाफ', म्हणजे कोंडा. प्रत्येक बाजूच्या सुरुवातीला त्या त्या माणसाची मोटार चालू होण्याचा आवाज. कोंड्याच्या बाजूला तिन्ही मोटारी. कोणाचं गाणं पुढे आणि कोणाचं मागे यावरून किती बँड फुटले असतील. इथे भांडणाची जागाच खेळाने घेतली.

अल्बमचं नाव मात्र फसलं. ट्रकवाल्यांच्या भाषेत 'डबल निकल्स' म्हणजे ताशी ५५ मैल, तेव्हाची अमेरिकी वेगमर्यादा. 'ऑन द डाइम' म्हणजे काटा बरोब्बर त्यावर. त्याच सुमारास रॉक गायक सॅमी हेगर ५५ ने गाडी चालवणं आपल्याला जमत नाही असं गात होता. त्यावर यांचं उत्तर : आम्ही गाडी नेमाने चालवू आणि गाणं बेफाम करू. मुखपृष्ठावर वॉट आपल्या फोक्सवॅगन बीटलमध्ये, काटा ५५ वर, आरशात त्याचे डोळे, समोर सॅन पेड्रोची पाटी. हे सगळं एका चौकटीत यावं म्हणून मागे बसलेल्या मित्राला घेऊन त्याच रस्त्याने पुन्हा पुन्हा फेऱ्या मारल्या. एवढा खटाटोप करून विनोद कोणाला कळला नाही, अशी तक्रार वॉट नंतर हसत हसत करायचा.

पहिल्या वर्षात १५,००० प्रती गेल्या. एसएसटीच्या मानाने उत्तम. पुढे सीडी निघाली तेव्हा ८० मिनिटांचा ऐवज तिच्यात मावेना, काही गाणी गाळावी लागली.

मर्श

प्रकरणाची दुसरी बाजूही पाहायला हवी. १९८५ मध्ये त्यांनी 'प्रोजेक्ट : मर्श' काढला. 'मर्श' हा त्यांच्या बोलीतला कमर्शियलचा अपभ्रंश. सहा गाणी, नेहमीपेक्षा लांब, ध्रुवपदं असलेली, ट्रम्पेट वगैरे साज. मुखपृष्ठावर बूनने स्वतः रंगवलेलं चित्र : कंपनीतले साहेब लोक बसलेत आणि एकाला कल्पना सुचली आहे की यांच्याकडून हिट गाणी करून घेऊ. विनोद होताच, पण निम्मा. रेडिओसारखं केलं तर रेडिओ घेतो का, हेही बघायचं असणार.

नाही घेतलं. खप 'डबल निकल्स'च्या निम्म्यावर आला. ४५ तुकड्यांचा विचित्र ढीग जास्त खपला आणि घासूनपुसून केलेली सहा गाणी कमी. त्यांचं गिऱ्हाईक हँडबिल वाचून आलेलं होतं, त्याला छापील कॅलेंडर नको होतं. मला स्वतःला ती रेकॉर्ड वाईट वाटत नाही, फक्त तिच्यात तिघे जरा इस्त्रीच्या कपड्यांत बसल्यासारखे वाटतात.

डिसेंबर

१९८५ च्या अखेरीस आर.ई.एम. या तेव्हा चढत्या बँडने त्यांना दौऱ्यावर सोबत घेतलं. शेवटचा कार्यक्रम १३ डिसेंबरला नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लट इथे झाला. २२ डिसेंबरला बून ॲरिझोनातून प्रवास करत होता. अंगात ताप होता म्हणून व्हॅनच्या मागच्या भागात पट्टा न लावता पडून होता. वाळवंटातल्या महामार्गावर व्हॅन रस्ता सोडून गेली. तो २७ वर्षांचा होता.

बँड त्या दिवशी संपला. वॉट महिनोन्‌महिने बेसला हात लावेना. ओहायोतला एक चाहता, एड क्रॉफर्ड, गिटारवादक शोधताहेत अशी अफवा ऐकून थेट पीड्रोला येऊन थडकला आणि त्याच्या आग्रहाखातर वॉट आणि हर्ली पुन्हा उभे राहिले. तो बँड फायरहोज, १९९४ पर्यंत चालला. मेक्सिकोच्या सहलीत रिकाम्या बाटल्या गोळा करणारी बाई पाहून बूनने रचलेल्या 'कोरोना'चा सुरुवातीचा तुकडा २००० मध्ये एमटीव्हीवरच्या 'जॅकॅस' कार्यक्रमाचं शीर्षकसंगीत झाला, आणि ज्यांनी मिनिटमेनचं नावही ऐकलं नव्हतं त्या कोट्यवधी लोकांच्या कानांवर बूनची ती पातळ गिटार पडली.

अल्बमांचा हिशेब मात्र एक उरला होता. डिसेंबर १९८५ मध्येच '३-वे टाय (फॉर लास्ट)' बाजारात आला होता, आणि त्यासोबत एक मतपत्रिका होती. पुढचा बेत तीन तबकड्यांचा, त्यात निम्मा भाग प्रत्यक्ष कार्यक्रमातला. कोणती गाणी घ्यायची ते श्रोत्यांनी खुणा करून टपालाने कळवायचं. बून गेला तरी मतं पोचत राहिली. ज्या गिग रेकॉर्ड करायच्या होत्या त्या आता होणार नव्हत्या. तेव्हा वॉटने जिथून मिळेल तिथून जमवाजमव केली : रेडिओ केंद्रांवरचे कार्यक्रम, मिक्सरवरून उतरवून घेतलेलं, सरावाच्या खोलीतलं, आणि गर्दीत उभं राहून लोकांनी साध्या टेपरेकॉर्डरवर टिपलेलं. १९८७ मध्ये ते सगळं 'बॅलट रिझल्ट' या नावाने निघालं. काही टेपांवर बँडपेक्षा खोकला जास्त ऐकू येतो, आणि बूनचा आवाज दुरून, माणसांच्या डोक्यांवरून, खोलीच्या मागच्या भिंतीपाशी उभं राहिल्यावर यावा तसा येतो.